समाधानभाऊंचं मत

माझ्या खानावळीत दर गुरुवारी दुपारी बेसबॉल चालायचा असं सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडे बघतात. महाळुंग्यात बॅट म्हटलं की क्रिकेटची आणि दंडुका म्हटलं की कुत्री हाकलायचा. पण चालायचा, देवाशप्पथ. मैदान नाही, चेंडू नाही, सगळं मोबाईलवर. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून जेवण निवांत. जेवण झालं की ताटं तशीच पुढ्यात ठेवून सगळे मोबाईल काढायचे आणि भांडायला बसायचे. ताटाला लागलेलं पिठलं तासाभरात वाळून दगड होतं. ते खरवडताना हात कुणाचे दुखतात? माझे. म्हणून त्या खेळावर मी पहिल्यापासून दात धरून होते.

मी साधना. सासऱ्यांची जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर आम्ही भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि खाली मी ही खानावळ काढली. माझ्याकडे जेवणारे बहुतेक सगळे एकाच कारखान्याचे, गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढतात तिथले. तिथला लाईन लीडर दिग्विजय. तो गावकीच्या नात्यानं माझा दीर लागतो, म्हणून मी त्याला भावजी म्हणते. त्यानंच त्याच्या लाईनवरची माणसं माझ्याकडे लावून दिली. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको की तू गप्प का बसत होतीस. आणि खरं सांगायचं तर मी गप्प बसणाऱ्यातली नाहीच. उपयोग झाला नाही ही गोष्ट वेगळी.

तो खेळ आणला कोरियाच्या एका माणसानं. पत्रा दाबायचं नवीन प्रेस बसवायला आला होता, पावसाळाभर माझ्याकडेच जेवला. ठेचा खायचा, डोळे पुसायचा आणि परत मागायचा. त्याच्या मोबाईलवर हा बेसबॉल. त्यानं भावजींना शिकवला, मशीन चालू करून दिलं आणि गेला आपल्या देशाला. खेळ इथंच राहिला. त्यात आपण काही खेळायचं नसतं. नुसता संघ ठेवायचा. आज चेंडू कोण फेकणार, कोण बसून राहणार, एवढं ठरवायचं. रात्रीतून मोबाईलच सगळे सामने खेळून टाकतो आणि सकाळी निकाल हजर. खेळाडू पण खोटे, त्यांची नावं पण मोबाईलनंच पाडलेली. असल्या नसलेल्या माणसांसाठी ही जिवंत माणसं एकमेकांची गचांडी धरायची. कसलं खूळ म्हणायचं हे.

या सगळ्यांचे पंच म्हणजे समाधानभाऊ.

जिंतूरकडचा माणूस. चाळिशीच्या अलीकडचा, पण दिसायला पलीकडचा. बायको करिष्मा आणि मुलगी गावाकडे, हा इथं वरच्या खोलीत. डिस्पॅचला काम, म्हणजे तयार माल मोजून गाडीत चढवायचा. बोलणं कमी. जेवताना भाजीला नाव ठेवणार नाही, पण खारट झाली तर दुसऱ्यांदा मागणार नाही, त्यावरून मी काय ते समजायचं. त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं मुळापासून नाहीत. तरुणपणी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसखाली गेली. मालकानं दवाखाना केला, आणि जखम भरायच्या आत घरी बसवलं. नंतर कितीतरी वर्षं त्याला कुणी उभं करीना. हात बघितला की लोक म्हणायचे, कळवतो. शेवटी भावजींनी त्याला घेतलं. भावजींचे हे उपकार तो विसरला नव्हता आणि भावजीही विसरले नव्हते.

नवा माणूस जेवायला आला की त्याच्या हाताकडे बघत बसायचा. समाधानभाऊ तिकडे लक्ष न देता अंगठा आणि उरलेल्या बोटांनी भाकरी मोडायचा, आणि मोडायचा तर अशी की ताटाबाहेर कण नाही. मला त्याचं फार बरं वाटायचं. मी त्याच्या ताटात भाकरी जरा पातळ आणि मोठी टाकायचे. बाकीचे म्हणायचे, वहिनी दुजाभाव करतात. करते, म्हटलं, काय म्हणणं आहे?

स्वतःचा संघ नसलेला तो एकटाच, म्हणून त्याला पंच केलं. कुणी चोरटेपणा करतंय का ते बघायचं आणि वाद मिटवायचा. आणि वर्ष संपताना मतं घ्यायची. त्यातलं सगळ्यात मोठं मत म्हणजे रुकी ऑफ द इयर. पहिल्याच वर्षी खेळायला उतरलेल्यांत सगळ्यात भारी कोण. मतं बरोबरीत आली तर पंच सांगेल तो.

त्या वर्षी दोघं शर्यतीत होते. एक भावजींच्या संघातला मोरिता नावाचा चेंडू फेकणारा, त्याला सगळे मोऱ्या म्हणायचे. दुसरा रविराजच्या संघातला कॅस्टिलो, त्याचा कासार झाला होता. रविराज म्हणजे क्वालिटीत काम करणारा, चष्मेवाला, प्रत्येक वाक्यात टक्केवारी. त्याचा कासार मैदानात मध्ये उभा राहून चेंडू अडवायचा, रोज खेळायचा, रोज थोडंथोडं करायचा. मोऱ्याचं तसं नव्हतं. तो फेकायला आला की समोरचे आडवे. सगळ्यांत जास्त सामने त्यानंच जिंकून दिलेले.

पण त्या खेळात प्रत्येकाच्या नावापुढे एक पट्टी असते. हिरवी असली की माणूस ताजा, पिवळी झाली की दमला, लाल झाली की त्याला बसवायचा. मोऱ्याची पट्टी दिवाळीपासून लाल होती. भावजी त्याला बसवायचे नाहीत. एक दिवस आड करून फेकायला लावायचे.

"भाऊ, त्याला जरा बसवा," समाधानभाऊ म्हणायचा. "त्याचा खांदा जाईल बघा."

"जाऊं दे की," भावजी हसायचे. "त्याची आई काय माझ्या दारात येनार हाय व्हय रडाया?"

सगळे हसायचे. मी पण हसले होते एकदा, खोटं कशाला बोलू.

त्याच दिवाळीनंतर भैरू आला. जत भागातला, सव्वीस-सत्तावीसचा, घरी बायको आणि पाळण्यातलं लेकरू. वर्षभरासाठी ट्रेनी म्हणून घेतलेला. वर्ष संपलं की ठेवायचं का सोडायचं ते भावजींच्या शब्दावर. भैरूला प्रेसवर बसवलं आणि तो हां हां म्हणता सगळ्यांच्या पुढे गेला. भावजी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "ह्यो आमचा खरा रुकी. मोऱ्या तिकडं, भैरू हिकडं." भैरू लाजायचा आणि दोन भाकरी जास्त खायचा. मोऱ्याचा निकाल सगळ्यांत आधी तोच बघायचा. मोऱ्या जिंकला की जणू आपणच जिंकलो.

एका गुरुवारी असंच कौतुक चाललेलं असताना समाधानभाऊनं विचारलं, "भैरू, एवढे नग काढतोस कसा तू?"

"काढतोय की. हात चालतोय आपला."

"हात चालतोय ते खरं. पण दोन्ही बटणं दाबून एवढे निघत नाहीत."

भैरू हसला. ताटाकडे बघून म्हणाला, "सगळीच बांधत्यात न्हवं."

मला काही कळलं नाही. मी समाधानभाऊकडे बघितलं. त्याचा चेहरा असा झाला होता की मी हातातली वाटी खाली ठेवली.

संध्याकाळी मी त्याला धरून विचारलं तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो. म्हणजे माणसाचे दोन्ही हात बटणावर, आत एकही नाही. पण त्यात वेळ जातो. म्हणून एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं दाबून कायमचं बांधून टाकतात. मग एक हात बटणावर आणि दुसरा आत, पत्रा ठेवायला, काढायला. नग पटापट निघतात. वरचे साहेब आले की पट्टी सोडायची, गेले की बांधायची.

"आणि चुकलं तर?"

त्यानं उजवा हात पुढे केला. मी चहा उकळायला ठेवला होता, तो सगळा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी भावजी आले तसं मी दारातच गाठलं. म्हटलं, भावजी, त्या भैरूचं बटण सोडा. लेकुरवाळा माणूस आहे. ते एवढंसं पण रागावले नाहीत. मला रागावलेला माणूस परवडतो, हा हसणारा नाही परवडत. म्हणाले, "वहिनी, मी बांध म्हनालो का त्याला? त्यो त्याच्या हातानं बांधतो. टार्गेट पुरं झालं न्हाई तर मलाच वर जाब द्यावा लागतो. तुमी भाजीत मीठ किती ते बघा." आणि वर, माझ्या सासूबाईंसाठी पपई आणली होती ती दिली. माणूस वाईट नाही हो. कुणाला ताप आला तर स्वतःच्या गाडीवर घालून दवाखान्यात नेईल. पण लाल पट्टी बघून थांबायचं असतं हे त्याच्या डोक्यातच नाही.

भैरूलाही सांगून बघितलं. समाधानभाऊनं स्वतः जाऊन एकदा त्याची पट्टी कापून टाकली. भैरूनं दुसरी बांधली. म्हणाला, "भाऊ, तुमचं झालं ते झालं. मला हितं राहायचंय." आणि ताट उचलून लांब जाऊन बसला.

हंगाम संपत आला. शेवटच्या आठवड्यात भावजींनी मोऱ्याला पुन्हा फेकायला लावला. सकाळी निकाल आला, मोऱ्यानं जिंकून दिलं होतं. पण त्याच्या नावापुढे आता पट्टीच नव्हती. तिथं लिहून आलं होतं, खांदा निकामी, पुढचा हंगाम खेळणार नाही.

त्या गुरुवारी नुसता कालवा. रविराज म्हणाला, "आता तर विषयच संपला. कासारला द्या. तो पुढच्या वर्षी पण उभा असेल."

"आरं बक्षीस कशाचं हाय?" भावजी म्हणाले. "ह्या वर्षाचं. ह्या वर्षी कोन भारी ठरला? मोऱ्या. फुडच्या वर्षी त्यो हाय का न्हाई ते फुडच्या वर्षी बघू. फुडचं वर्ष ह्यात धरायचंच न्हाई."

"ज्याला तुम्ही मोडून टाकला त्याला हार घालायचा?" समाधानभाऊ म्हणाला. त्याला एवढ्या मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "मग बक्षीस कोणाला मिळालं, त्याला का तुम्हाला?"

तेवढ्यात भैरू बोलला. मोबाईलकडे बघत, अगदी शांतपणे.

"काय का असंना. सगळं जिंकून मग मोडला. बरं झालं."

पोळपाटावरचं लाटणं तसंच हातात राहिलं. भावजी मात्र खूश, म्हणाले, ह्याला म्हनत्यात कळनारा मानूस.

मतं घेतली. निम्मी मोऱ्याला, निम्मी कासारला. आता पंच सांगेल तो. समाधानभाऊ म्हणाला, जरा हात धुऊन येतो.

मागच्या अंगणात नळ आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. भावजी त्याच्या मागोमाग गेले. मी खिडकीशीच होते, आणि कानांना काही झाकण लावून ठेवता येत नाही.

"तुला कासार पायजे ते माहीत हाय मला," भावजी म्हणाले. "पन माझ्याच मानसानं माझ्या इरुद्ध मत द्यायचं, चारचौघांत? बरं दिसंल का ते?"

समाधानभाऊ हात चोळून चोळून धूत राहिला. नळ वाहत होता. मग म्हणाला, "मत मोऱ्याला देतो. पण भैरूला प्रेसवरून काढा."

"आरं मतापायी लाईन बदलू व्हय मी?"

"तुम्हाला मत पाहिजे, मला हे पाहिजे. तो नवा आहे. त्याला अजून भीतीच वाटत नाही, म्हणून त्याचा हात जाणार. त्याच्या जागी जुना माणूस बसवा. ज्याला प्रेस कळतं असा."

"जुना मानूस," भावजी म्हणाले. "बरं. दिला शब्द."

आत येऊन समाधानभाऊनं सगळ्यांसमोर सांगितलं, मोऱ्या. रविराजनं चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं आणि उठून गेला. तो पुन्हा गुरुवारी आला नाही. भावजींनी पेढे वाटले. भैरूनं शिट्टी मारली. मी समाधानभाऊला पेढा द्यायला गेले तर म्हणाला, नको वहिनी, दात दुखतोय. मला त्याचा राग नाही आला. उलट वाटलं, एवढा साधा माणूस, पण डाव बरोबर खेळला. खोट्या खोट्या मोऱ्याला देऊन खऱ्याखुऱ्या भैरूचे हात सोडवून आणले. त्या रात्री मी शांत झोपले, एवढी मी भोळी.

भावजींनी शब्द पाळला. शनिवारी भैरूला पॅकिंगला टाकलं.

आणि प्रेसवर समाधानभाऊला बसवलं.

तो जेवायला आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. भावजीही होतेच जेवायला. मी वाढायची पळी घेऊनच त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, ह्या हाताचा माणूस तुम्ही प्रेसवर बसवला? लाज वाटते का?

"आवो, त्योच म्हनाला," भावजी म्हणाले. खरोखर नवल वाटल्यासारखं. "जुना मानूस पायजे, प्रेस कळनारा पायजे. ह्याच्याइतकं प्रेस कुनाला कळतंय? इचारा त्याला."

मी समाधानभाऊकडे वळले. तो मान खाली घालून जेवत होता.

"तुम्ही नाही म्हणून का नाही सांगितलंत?"

"नाही म्हणून कुठं जाऊ, वहिनी? हा हात घेऊन?" तो म्हणाला. "कोणाला तरी तिथं बसावंच लागणार."

भैरूनं तर त्याच्याशी बोलणंच सोडलं. पॅकिंगला मोजदाद नाही, म्हणजे पुढे जायला वाव नाही. आता वर्ष संपलं की सोडतील अशी त्याची खात्री झाली. एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "माझ्या पोटावर पाय दिलासा तुमी." दहाच्या दहा बोटांनी भात कालवत म्हणाला. मला त्याच्या कानाखाली वाजवाविशी वाटली. समाधानभाऊ नुसता म्हणाला, असू दे.

पहिले काही दिवस त्यानं पट्टी काढून ठेवली होती. मी रोज विचारायचे, बटण सोडलंय ना? तो म्हणायचा, सोडलंय. मग मला घास गोड लागायचा. पण नग पुरे होत नव्हते. दोन्ही बटणं दाबून ते होतच नाहीत, हे त्यानंच मला सांगितलेलं. भावजी रोज जेवताना हसत हसत बोलायचे, "समाधानराव, जरा मोऱ्याचा हात लावा की." मग, "वरचे इचारत्यात मला." मग एके दिवशी हसले नाहीत. म्हणाले, "आठवडा बघतो. मग डिस्पॅचला पन जागा न्हाई, सांगून ठेवतो." आणि आमटी मागितली. मी वाढली. ती पळी त्यांच्या डोक्यात घालायला पाहिजे होती, असं मला अजून वाटतं.

त्या रात्री समाधानभाऊ व्हरांड्यात फोनवर बोलत होता. पलीकडे मुलगी असावी. तिची परीक्षा, तिचा नंबर, असं काहीतरी. हसत होता. मी त्याला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं आणि मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

मी नवऱ्याशी बोलले, म्हटलं, कुणाला तरी सांगा, कुठंतरी तक्रार करा. तो म्हणाला, चौकशी आली की सगळ्यात आधी पट्टी बांधणाऱ्याला काढतील. आणि ते खरंच होतं.

बुधवारी दुसरी पाळी सुटल्यावर सगळे जेवायला आले. समाधानभाऊ नेहमीच्या जागी बसला. बाहेर गाड्यांचे आवाज, आत पंखा. भावजी आले, त्याच्या शेजारी बसले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "वहिनी, आज समाधानरावाला भाकरीवर तूप वाढा."

मी तुपाची वाटी घेऊन त्याच्यापुढे गेले. हळू आवाजात विचारलं, "बटण सोडलंय ना?"

त्यानं वर बघितलं नाही.

"भाऊ, मी विचारतेय."

"आज नग पुरे झाले, वहिनी," तो म्हणाला, आणि ताट पुढे केलं.

मी तूप वाढलं आणि त्याच्या हाताकडे न बघता आत निघून गेले.